सुरतेचा रथ आणि आमची मोटारसायकल

गेल्या दिवाळीनंतर सुरतेला आतेभावाकडे जाणं झालं. तो रिंग रोडवरच्या कापडबाजारात हिशेबनीस आहे. इमारतीखाली त्याची कार दिसली नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, "विकली रे. आठवडाभर कव्हर घालून उभी असायची. बाजारात लावायला जागा नाही, म्हणून मी मोटारसायकलवरूनच जायचो. हप्ता मात्र चुकत नव्हता. आता ते पैसे मुलीच्या फीला जातात."

वहिनी गप्प होती. शेजारी काय म्हणत असतील, हे तिचं दुःख.

सुरतेत वाहनावरून माणसाची पत ठरवणं काही आजचं नाही. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ साली इथं आला, तेव्हा पांढऱ्या बैलांचे रथ पाहून त्याला नवल वाटलं. पुढे इंग्रज वखारीचा प्रेसिडेंट बाहेर पडे तो मोठ्या लवाजम्यानिशी. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने त्या थाटाचं वर्णन लिहून ठेवलंय. गंमत पुढेच आहे. त्याच शतकात ही वखार वीरजी व्होरा या सुरतेच्या सावकाराकडून व्याजाने पैसे उचलत होती! शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत ज्याचा वाडा लुटला गेला, तोच हा व्होरा. म्हणजे ऋण काढून सण करण्याची रीत साहेबालाही सुटली नव्हती.

आपल्या पिढीपुढे दोन वाहनं आली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आणि १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १००. पहिलीने मध्यमवर्गाला स्वप्न दिलं. दुसरीने त्याच मध्यमवर्गाला वेळेवर कचेरीत पोचवलं, तेही थोडक्या पेट्रोलात.

माझाच हिशेब सांगतो. म्हापसा ते पणजी जाऊन-येऊन २६ किलोमीटर, वर्षाला २५० दिवस, म्हणजे ६५०० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ५० देते असं धरलं तर १३० लिटर. कार १५ देते असं धरलं तर ४३३ लिटर. वर्षाला तीनशे लिटरचा फरक! कर्जाचा हप्ता, विमा आणि दुरुस्ती वेगळीच.

पावसात रेनकोट चढवावा लागतो, हेल्मेटशिवाय निघायचं नाही आणि चौघांना एकीवर बसवायचं नाही, हे खरं. घरातली सगळी मिळून जायचं तर त्या दिवसापुरती टॅक्सी करावी. एकट्याची घाई असली तर आपल्या गोव्यात पिवळ्या मडगार्डचा पायलट आहेच. तिथं गाडी आपली नसली म्हणून कुणाची पत जात नाही.

निघताना वहिनीला एवढंच म्हटलं, "वहिनी, प्रेसिडेंटचा लवाजमा गेला, वखारही गेली. मुलगी शिकली तर ते मात्र कुठं जाणार नाही."

ती हसली. पटलं की नाही, कोण जाणे. असो.