महिला वकिलांचा न्यायालयीन पोशाख

भारतातील न्यायालये, न्यायाधिकरणे व तत्सम प्राधिकरणांपुढे उभे राहताना महिला वकिलांनी करावयाचा विहित वेश. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४९ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांच्या सहाव्या भागात, चौथ्या प्रकरणात तो सांगितलेला आहे.

काळा कोट, गळ्याशी लावायचे पांढरे बँड (कापडी पट्ट्या) आणि गाऊन हा सरंजाम इंग्लंडहून आला, आणि तो पुरुषांच्या मापाचा होता. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्री असणे हा वकिलीतला अडसर कायद्याने दूर व्हायला भारतात १९२३ साल उजाडले. पुढे मिठन लाम यांच्यापासून मुंबई उच्च न्यायालयात स्त्रिया वकिली करू लागल्या. तेव्हा प्रश्न नवा होता : साडीवर बँड लावायचे कसे?

आजचा नियम त्याला अनेक उत्तरे देतो. पूर्ण बाह्यांचे काळे जाकीट किंवा ब्लाउज, पांढरी कॉलर, पांढरे बँड आणि गाऊन. अथवा पांढरा ब्लाउज, बँड आणि पुढून उघडा काळा कोट. त्यासोबत साडी किंवा लांब स्कर्ट चालतो. रंग पांढरा, काळा किंवा सौम्य हवा, छपाई वा नक्षी नको. चुडीदार-कुर्ता किंवा सलवार-कुर्ताही चालतो, ओढणी असो वा नसो. पारंपरिक वेशालाही काळ्या कोटासह व बँडसह परवानगी आहे. नियमाची वाक्यरचना मात्र विस्कळीत आहे : कोणता पर्याय कशाशी जोडायचा, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. ‘फ्लेअर’चा, म्हणजे पायाशी रुंद होणाऱ्या पँटचा, उल्लेख आहे, पण आज तरुण वकील सर्रास घालतात त्या साध्या काळ्या पँटचे नाव स्त्रियांच्या यादीत नाही. तरीही त्यावरून सहसा कोणी अडवत नाही.

गाऊन केवळ सर्वोच्च व उच्च न्यायालयांतच बंधनकारक आहे. ही दोन्ही न्यायालये सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. जिल्हा व तालुका न्यायालयांत मे महिन्यात ही सवलत किती मोलाची वाटते, ते नागपूर-अकोल्याच्या वकिलांना विचारावे.

प्रत्यक्षात पोशाख सांभाळणे हे एक वेगळेच काम असते. शर्टाची कॉलर नसल्याने अनेकजणी बँड शिवलेली सुटी कॉलर वापरतात आणि ती मानेमागे अडकवतात. साडीचा पदर खांद्यावर पिनेने पक्का करून कोटाच्या आत घ्यावा लागतो. हातात फाइलींचा गठ्ठा घेऊन जिने चढताना गाऊन आणि निऱ्या दोन्ही सावरणे सोपे नसते.

नियमात कपडे व रंग आहेत. केस, दागिने, टिकली यांचा त्यात उल्लेख नाही. ती रिकामी जागा अलिखित अपेक्षा भरून काढतात, आणि त्यांचा भार पुरुष वकिलांपेक्षा स्त्रियांवर अधिक पडतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयात लागलेली एक सूचना याचे ठळक उदाहरण ठरली. महिला वकील सुनावणीदरम्यान केस नीट करतात, त्याने कामकाजात व्यत्यय येतो, म्हणून त्यांनी तसे करू नये, असा तिचा आशय होता. टीका झाल्यावर ती मागे घेण्यात आली. पुरुषांच्या केसांविषयी त्या सूचनेत काही नव्हते.

करोनाकाळात, मे २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य सुनावणीसाठी कोट-गाऊन वगळून पांढरी साडी, पांढरा सलवार-कमीज किंवा पांढरा शर्ट आणि बँड पुरेसे मानले. उलट बाजूचे उदाहरण जम्मू-काश्मीर व लडाख उच्च न्यायालयाचे : चेहरा झाकून बाजू मांडण्यास नियमांत मुभा नाही, असे त्याने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

सॉलिसिटर फर्म किंवा कंपन्यांच्या कायदा विभागांना हे नियम लागू नाहीत. तिथे कार्यालयाची रीत चालते. न्यायालयात जायचे असल्यास कोट आणि बँड बरोबर न्यावे लागतातच.

न्यायासनावरील स्त्रियांचा पोशाख हा स्वतंत्र विषय असून तो वेगळ्या नियमांनी व परिपत्रकांनी ठरतो. केरळ उच्च न्यायालयाने १९७० चे परिपत्रक २०२३ मध्ये बदलले आणि राज्यातील महिला न्यायिक अधिकाऱ्यांना सलवार-कमीज व पँट घालण्याची मुभा दिली.