माथेरानची वाट आणि माथेरानचे पाणी

थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास सांगावयाचा म्हटला की आपण प्रथम तेथल्या ‘पॉइंटां’ची नावे घेतो. आज आम्ही त्या बाजूस फारसे जाणार नाही. गावात पाहुणा वाढला म्हणजे घागर कोठून भरावयाची, आणि घरात कोणी अत्यवस्थ झाले तर त्याला खाली कसे न्यावयाचे, या दोन प्रश्नांच्या अंगाने माथेरानच्या पावणेदोनशे वर्षांकडे पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

इ. स. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौकच्या बाजूने हा डोंगर चढून गेले, आणि तेथून माथेरानच्या गिरिस्थानाचा आरंभ मानतात. म्हणजे तोवर तेथे कोणी जात नव्हते, असे मुळीच नव्हे. ठाकूर, कातकरी, धनगर यांना ती रानवाट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. परंतु त्यांची संख्या आणि डोंगराचे पाणी यांचा मेळ बसलेला होता. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या ठिकाणाला आश्रय दिला, बंगले उठले आणि तो मेळ बिघडू लागला.

याचे कारण जमिनीतच आहे. माथेरानच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. तो सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि कडेला झऱ्यांच्या रूपाने पाझरून जाते. पाऊस चार महिने कोसळतो. पाहुणा मात्र येतो एप्रिल-मे महिन्यांत, झरे आटत आलेले असताना! मागणी सर्वांत मोठी आणि साठा सर्वांत लहान, अशी ही उफराटी वेळ आहे. म्हणून ओढा अडवून पिसरनाथाच्या देवळालगत शार्लोट तलाव झाला. आज सहलीची मंडळी त्याच्या काठी छायाचित्रे काढतात. पण तो शोभेसाठी नव्हे, तहानेसाठी बांधलेला आहे, हे विसरता कामा नये. पुढे तोही अपुरा पडला आणि पायथ्याकडून पंपाने पाणी वर चढवावे लागले. डोंगरावरचे पाणी असे विजेवर अवलंबून राहू लागले. वीज गेली की पंप थांबतो. एका सेवेचा भार दुसरीवर कसा पडतो, त्याचे हे उदाहरण आहे.

वाटेचा इतिहासही असाच आहे. १९०५ साली येथे नगरपालिका आली आणि १९०७ साली नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांवरून आगगाडी वर आली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने, विशेषतः त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी, सुमारे १६ लक्ष रुपये खर्चून हे काम तडीस नेले. या गाडीने पाहुणे वाढविले हे खरे. पण गावकऱ्यांनाही तीच पायाखालची वाट झाली. म्हणूनच ती तुटते तेव्हा पाहुण्याची केवळ एक सहल बुडते, गावकऱ्याचे मात्र दैनंदिन जीवन अडते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला. तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्याने गाडी थांबली. २०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा उखडला आणि नेरळपासूनची पूर्ण फेरी सुरू व्हावयास २०२२ चा ऑक्टोबर उजाडला.

आता मोटारीचे पाहू. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. रुग्णवाहिकेसारखी आणीबाणीची वाहने वगळता गावात मोटारीला मज्जाव आहे. ती दस्तुरी नाक्यावरच थांबते. या निर्बंधाने डोंगराची झाडी वाचली, हे आम्ही कृतज्ञतापूर्वक मान्य करतो. परंतु त्याची किंमत कोणी मोजली? म्हातारी माणसे, बाळंतीण, शाळेची मुले आणि माणसांना ओढीत चढ चढणारे हातरिक्षावाले यांनी! २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षाची पद्धत अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. एवढ्याशा गावातील साधी वाहतूक थेट दिल्लीच्या न्यायासनापुढे जावी, यातच प्रश्नाची खोली दिसते.

कोणी म्हणेल, “पाहुणा नसता तर तलाव कोठून आला असता? आगगाडी कोणी बांधली असती?” आक्षेप खोटा नाही. पाहुण्याच्या पैशावरच गाव उभे आहे. पण २०११ च्या जनगणनेत या गावची वस्ती पाच हजारांच्याही आत होती. नगरपालिकेचे बळ तेवढ्या वस्तीचे. आणि तलाव, नळ, दवाखाना, आगीचा बंब यांची तयारी मात्र सुटीच्या दिवशी लोटणाऱ्या गर्दीच्या मापाने ठेवावी लागते. यजमानाचे घर दोन खणांचे आणि पंगत गावजेवणाची, अशी ही अवस्था आहे. शिवाय ज्या अरुंद वाटेवर गर्दी, घोडे आणि ओझेवाले दाटतात, त्याच वाटेने रुग्णवाहिकेला आणि बंबाला यावयाचे असते. गर्दी वाढते तेव्हा अपघाताचा संभव वाढतो आणि नेमकी तेव्हाच मदतीची वाट अडते.

आम्हांस या इतिहासातून एवढेच सुचवावयाचे आहे. नवे उद्यान असो, नवा ‘पॉइंट’ असो की नवे विश्रामगृह असो, त्याचा नकाशा मांडताना दोन प्रश्न आधी विचारावेत. मे महिन्यातील शेवटच्या आठवड्यात तेथे पाणी कोठून येणार? आणि रात्री दोन वाजता तेथील आजारी माणूस कोणत्या वाटेने खाली जाणार? या दोहोंचे उत्तर मिळाल्यावर मग खुशाल बाके मांडावीत. आपल्या गावाच्या टेकडीवरही हाच हिशेब लागू आहे.