दुकानात वाजतो, खोऱ्यात का नाही?

‘इथं वाजतो हो, घरी नेला की नाही वाजत.’ मावळात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. लोणावळ्याच्या बाजारात खणखणीत बोलणारा संच नाणे मावळात किंवा पवन मावळात, डोंगराच्या आडोशाला गेला की कुजबुजायला लागायचा. गिऱ्हाईक खोटं बोलत नसे आणि दुकानदारही फसवत नसे. मी हे काम १९७०च्या दशकात शिकलो. या तक्रारीचं मूळ सिग्नल जनरेटर नावाच्या पेटीपाशी असतं, हे तेव्हाच ध्यानात आलं.

आपला नेहमीचा रेडिओ अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ साली शोधलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतीवर चालतो. स्टेशन कोणतंही लावा, रेडिओ आतल्या आत त्याचं रूपांतर एकाच ठरलेल्या लहरीत करतो. ही लहर बहुतेक संचांत ४५५ किलोहर्ट्‌झ असते. जुने कारागीर किलोसायकल म्हणत. पुणे केंद्र ७९२ वर लावलं, तर संचातला ऑसिलेटर १२४७ वर चालतो आणि वजाबाकी ४५५ उरते. आयएफच्या डब्यांतले कोअर या ४५५ला जुळले नाहीत, तर संच बहिरट होतो.

गंमत अशी, की जोरदार स्टेशनवर हे बहिरेपण कळत नाही. आवाज आपोआप सारखा राखणारी एव्हीसीची सोय चूक झाकून टाकते. बाजारात मुंबई जोरात येते, कारागीर कानाने कोअर फिरवतो, सगळे खूष! खोऱ्यात लहर क्षीण होते आणि झाकलेलं उघडं पडतं. त्यात लोणावळा घाटमाथ्यावर. कल्याण-पुणे मार्गावर १९२०च्या दशकाअखेर विजेची गाडी आली. गाडी गेली की रेडिओत खरखर. अशा खरखरीत क्षीण स्टेशन पकडून कानाने जुळवणी करणं अवघडच.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हता. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं आणि १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. त्यात वीस कार्यक्रम होते. गावकरी एकत्र बसून ऐकायचे आणि मग चर्चा करायचे. गावात एकच रेडिओ आणि तोच बहिरट, तर साऱ्या गावाची बैठक मोडणार.

म्हणून जनरेटर हवा. पण कोणता? पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे जुन्या पेट्या मिळत. लोक तबकडी किती मोठी, बटणं किती, हे पाहत. मी एकच परीक्षा आधी घेई. पेटीचं आउटपुट पूर्ण कमी करायचं आणि शेजारच्या रेडिओत तिचा ४०० सायकलचा सूर ऐकू येतो का ते पाहायचं. आला, तर पेटी गळकी. क्षीण लहर देता येत नसेल तर खोऱ्यातली परिस्थिती टेबलावर कशी उभी करणार? गळका जनरेटर म्हणजे पुन्हा बाजारातलं जोरदार स्टेशनच. दिसायला कळकट पण पत्र्याचं आवरण शाबूत, झाकणाचे सगळे स्क्रू जागेवर, अशी पेटी मी केव्हाही पसंत करीन.

दुरुस्तीत पावसाचा वाटा मोठा. लोणावळ्याची ओल कागदी कंडेन्सरांत शिरते, पट्टे बदलायच्या स्विचवर हिरवट थर चढतो. स्विच साफ केला आणि गळणारे कंडेन्सर बदलले, की निम्म्या पेट्या उठून बसतात. आतल्या कॉइलींना मात्र उगाच हात लावू नये.

मग तबकडी खरी बोलते का, हे तपासायचं. इथे आकाशवाणीच आमची फूटपट्टी होती. १९७८ पासून मध्यम लहरींवर नऊ-नऊ किलोहर्ट्‌झचं अंतर आलं. त्यात पुणे ७९२, मुंबईची दोन केंद्रं ५५८ आणि १०४४. जनरेटर ३९६ वर ठेवला, की त्याची दुप्पट लहर पुण्यावर येऊन पडते. रेडिओत शीळ ऐकू येते. काटा हळूहळू सरकवला की शीळ खाली खाली येत थांबते. तिथे पेन्सिलीची खूण. ५२२ची दुप्पट मुंबईची १०४४, दुसरी खूण. या दोन खुणांच्या मधे ४५५ येतो, तेव्हा तबकडी किती चुकते याचा अंदाज तिथेच मिळतो. त्याआधी व्हॉल्व्हची पेटी वीस मिनिटं तापू द्यायची, नाहीतर खुणा सरकतात. शॉर्टवेव्हसाठी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचं एटीए हे दिल्लीचं प्रमाण-केंद्र १० मेगाहर्ट्‌झवर मिळायचं. ते आता बंद आहे.

मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपण केंद्रंही देशात गेल्या काही वर्षांत बंद झाली. जुने रेडिओ जपणारी तरुण मुलं माझ्याकडे जनरेटर घेऊन येतात आणि कुठल्या स्टेशनवर तपासू, म्हणून विचारतात. मी त्यांना आकडे दाखवणारा छोटा फ्रीक्वेन्सी काउंटर घ्यायला सांगतो. जनरेटरच्या किमतीच्या मानाने तो स्वस्त पडतो. पण आउटपुट कमी करून गळती पाहायची ती परीक्षा काउंटर करत नाही. ती अजूनही शेजारी रेडिओ ठेवून, कानानेच करावी लागते.