पवारणा आणि यूलानपेन : एका चिनी सणाचा बौद्ध उगम

चीनच्या पारंपरिक सणांमध्ये वसंतोत्सव व मध्य-शरदोत्सव हे सर्वपरिचित आहेत. परंतु बौद्ध विद्येच्या अभ्यासकास सर्वांत जवळचा सण म्हणजे सातव्या चांद्रमासाच्या 15 व्या दिवशी, साधारणतः ऑगस्ट वा सप्टेंबरमध्ये, येणारा 'यूलानपेन' होय. 'भुकेल्या प्रेतांचा सण' म्हणून त्याचे वर्णन होत असल्याने तो धम्मात शिरलेला लोकभ्रम होय, असा समज रूढ आहे. तो तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या सणाचा आधार असलेले यूलानपेन सूत्र परंपरेने धर्मरक्षाच्या नावावर सांगितले जाते. आधुनिक विद्वान मात्र याविषयी साशंक आहेत. सूत्रातील कथा अशी : महामोग्गल्लान (चिनी परंपरेतील मुलिएन) आपली मृत माता प्रेतयोनीत भुकेने व्याकुळ झालेली पाहतो. तो तिला अन्न देतो. पण ते मुखात जाण्यापूर्वीच त्याचे निखारे होतात. ऋद्धिमंतांमध्ये अग्र असलेला हा श्रावक एकटा असमर्थ ठरतो. तेव्हा भगवंत सांगतात की, वर्षावास संपवून पवारणा करणाऱ्या दशदिशांच्या संघाला दान दे. त्या पुण्याने मातेची मुक्तता होईल.

पालि वाङ्मयाच्या वाचकास येथे पेतवत्थूचे स्मरण होईल. तेथे प्रेतयोनीतील स्त्री सारिपुत्ताची पूर्वजन्मीची माता आहे, आणि तिच्यासाठी चार कुट्या बांधून त्या चातुद्दिस संघाला दिल्या जातात. पात्रे निराळी, पण दोन्हीकडे दान जिवंत संघालाच आहे. पवारणेत भिक्षू स्वतःचे पाहिलेले, ऐकलेले वा शंकित दोष दाखवून देण्याची संघाला विनंती करतो. आपल्याकडे ती आश्विन पौर्णिमेस होते. चीनमध्ये वर्षावास चौथ्या महिन्याच्या मध्यास सुरू होऊन सातव्याच्या मध्यास संपतो. सणाची तिथी अशी विनयातून आली आहे. 'यूलान' या शब्दाचा 'उलटे टांगलेले' असा अर्थ फार काळ प्रचलित होता. करशिमा सेइशी यांनी मात्र त्याचा संबंध 'ओदन' म्हणजे भाताशी जोडला आहे. 'पेन' म्हणजे पात्र.

सहाव्या शतकात त्सुंग लिन याने ऋतूत्सवांच्या ग्रंथात या सणाची नोंद केली. 692 मध्ये लोयांग येथे सम्राज्ञी वू हिने तो राजवैभवाने साजरा करविला. गृहत्यागी भिक्षू मातापित्यांचे ऋण विसरतो, हा बौद्धांवरील जुना आक्षेप होता. या सणाने त्यास उत्तर दिले. म्हणूनच त्सुंगमी (780–841) या आचार्याने सूत्रावर भाष्य लिहिले. जपानी भिक्षू एन्निन याच्या दैनंदिनीनुसार 844 मध्ये सम्राट वूत्सुंगने छांगआनच्या विहारांतील अर्पणे ताओपंथी मंदिरात नेवविली, तेव्हा लोक संतप्त झाले. बाराव्या शतकातील एका ग्रंथात, कायफेंग येथे सणापूर्वीचे कित्येक दिवस मुलिएनचे नाटक चाले, असे वर्णन आढळते.

पुढे ताओपंथी 'चुंगयुआन' उत्सव यात मिसळला. कागदी द्रव्य व वस्त्रे जाळणे, नदीत दिवे सोडणे, रस्त्याकडेला अन्न मांडणे हे आचार वाढले. हाँगकाँगमधील छाओचौ समाजाचा यूलान उत्सव 2011 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा-सूचीत नोंदला गेला.

1956 च्या धम्मदीक्षेत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या समाजास हा सण कसा वाटावा? प्रेतकथा व पुण्यानुमोदन पालि साहित्यातही आहे, हे आम्ही लपवू इच्छित नाही. परंतु मूळ कथेत मृताला थेट दिलेले अन्न निष्फळ ठरते, हे ध्यानात घ्यावे. तेथे जन्मसिद्ध पुरोहित नाही, आणि पिंडही नाही. मातृऋण फिटते ते आपले दोष ऐकून घेण्यास सिद्ध झालेल्या संघाला दिलेल्या दानाने. कागदी द्रव्याच्या राखेखाली हा विचार आजही शोधता येतो, असे आमचे मत आहे.