नर, मादी आणि नियम : विस्कॉन्सिनमधील हरीण-शिकारीचे नियमन व शिकाऱ्यांची भूमिका (१८५१–२०१४)

प्रस्तावना

वन्यजीव व्यवस्थापनाचा इतिहास बहुधा शास्त्रज्ञ, कायदे आणि शासकीय खाती यांच्या अंगाने लिहिला जातो. ज्यांच्यावर हे कायदे लागू होतात त्या शिकाऱ्यांचे मत त्यात 'विरोध' या एका शब्दात गुंडाळले जाते. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौशी शिकारीचा परवाना इतिहासजमा झाला. त्यामुळे शिकारी हाच कळपाच्या नियंत्रणाचे साधन मानला जातो ही कल्पना आपल्याकडे अपरिचित आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन राज्यात मात्र ही व्यवस्था शतकाहून अधिक काळ चालत आलेली आहे. तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीवरून झालेल्या वादांचा आढावा घेऊन, शिकाऱ्यांचा विरोध अज्ञानातून आला की पूर्वीच्या नियमांनीच तो घडविला, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नियमनाची पार्श्वभूमी

विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीवर पहिला निर्बंध १८५१ मध्ये आला. १ फेब्रुवारी ते १ जुलै या काळात शिकारीस बंदी घालण्यात आली. परंतु अंमलबजावणी करणारी यंत्रणाच नसल्याने हा कायदा बराच काळ कागदावर राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर भागातील पाइनची अरण्ये तोडली गेली, तोडीनंतर उरलेल्या पाल्यापाचोळ्याला वारंवार आगी लागल्या आणि बाजारात मांस विकणाऱ्यांनी हरणांची बेसुमार कत्तल केली. १८८७ मध्ये पगारी वॉर्डन नेमले गेले, १८९७ मध्ये प्रत्येक शिकाऱ्यास दोन हरणांची मर्यादा आली आणि परवाना शुल्कही सुरू झाले.

या क्रमातील सर्वांत परिणामकारक नियम १९१५ चा होय. त्यानुसार केवळ शिंगे असलेला नर मारण्यास परवानगी राहिली. मादी व पाडस यांना हात लावणे हा गुन्हा ठरला. विरळ झालेला कळप वाढविण्यासाठी हा नियम योग्यच होता. एक नर अनेक माद्यांशी समागम करू शकतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी जननदर घटत नाही. पुढे १९२५ ते १९३५ या काळात विषम वर्षी शिकारीचा हंगामच बंद ठेवण्यात आला. सुमारे तीन दशके वॉर्डन, न्यायालये, वर्तमानपत्रे आणि शिकारी मंडळे यांनी एकच धडा दिला : सज्जन शिकारी मादीवर गोळी झाडत नाही. वडिलांनी मुलाला बंदूक हाती देताना सांगावयाचा हा पहिला नियम झाला. कायद्याचे रूपांतर नीतीत झाले.

विपुलतेतून निर्माण झालेले संकट

याच काळात जमिनीचे स्वरूप पालटले होते. तोडलेल्या अरण्याच्या जागी शेती करण्याचे प्रयत्न बव्हंशी फसले आणि तेथे ॲस्पेनसारख्या झाडांची कोवळी वाढ फोफावली. हे हरणांचे उत्तम खाद्य होते. लांडग्यांची संख्याही माणसाने घटविली होती. परिणामी १९३० च्या दशकात हरणांची संख्या झपाट्याने वाढली.

उत्तरेकडील खोल बर्फात हरणे सेडारच्या दाट दलदली आश्रयस्थानांत एकत्र येतात. मोठ्या कळपाने तेथील पाला हरणाचे तोंड पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंत ओरबाडून खाल्ला की त्याखाली काही उरत नाही. अशा वेळी पाडसे आधी मरतात, कारण त्यांची मान वरच्या फांदीपर्यंत जात नाही. शासनाने वाळलेले गवत पुरवून पाहिले, परंतु त्याने उपासमार थांबली नाही. उलट कळप एका जागी जमून उरलीसुरली झाडेही संपत.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांनी या स्थितीकडे लक्ष वेधले. ॲरिझोनातील कैबाब पठारावर हरणांची वाढ व नंतरची उपासमार यांचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. १९४२ मध्ये नेमलेल्या नागरिकांच्या हरीण समितीचे ते अध्यक्ष होते. समितीने हिवाळी आश्रयस्थानांची पाहणी केली आणि कळप कमी करण्याची, म्हणजेच माद्या मारण्याची आवश्यकता मांडली.

१९४३ चा हंगाम

१९४३ मध्ये राज्याच्या संवर्धन आयोगाने विभागलेला हंगाम जाहीर केला. प्रथम चार दिवस शिंगाला फाटा असलेले नर, मग तीन दिवस विश्रांती आणि नंतर चार दिवस बिनशिंगी हरणे असे त्याचे स्वरूप होते. त्या हंगामात सुमारे १,२८,००० हरणे मारली गेली. जवळपास निम्मी बिनशिंगी होती. शिकाऱ्यांनी या हंगामास '४३ चा गुन्हा' असे नाव दिले. 'सेव्ह विस्कॉन्सिन्स डिअर' नावाचे पत्र निघू लागले आणि त्यातून लिओपोल्ड यांच्यावर कठोर टीका झाली. १९४४ मध्ये शासनाने पुन्हा केवळ नरांचा हंगाम ठेवला. त्या वर्षी सुमारे २८,००० हरणांचीच शिकार झाली. शिकाऱ्यांच्या दृष्टीने हा घसरलेला आकडा कत्तलीचा पुरावा होता, तर अभ्यासकांच्या दृष्टीने तो प्रामुख्याने बदललेल्या नियमाचा परिणाम होता. एकाच आकड्याचे दोन अर्थ निघाले.

शिकाऱ्यांच्या भूमिकेचे विश्लेषण

या विरोधामागे तीन कारणे स्पष्ट दिसतात.

पहिले कारण निरीक्षणाच्या काळाचे आहे. शिकारी नोव्हेंबरमध्ये अरण्यात जातो. तेव्हा हरणे पसरलेली असतात व अंगाने धष्टपुष्ट असतात. उपासमार फेब्रुवारी-मार्चमध्ये, रस्त्यापासून दूर असलेल्या दलदलीत घडते. तेव्हा शिकारी घरी असतो. समितीने जे पाहिले ते बहुसंख्य शिकाऱ्यांनी कधी पाहिलेच नव्हते. जे त्यांनी स्वतः पाहिले ते, म्हणजे आपल्या नेहमीच्या जागी यंदा कमी हरणे दिसली हे, मात्र खोटे नव्हते. राज्याची सरासरी आणि एका तळावरचा अनुभव यांत अंतर असणे स्वाभाविक होते.

दुसरे कारण नैतिक आहे. ज्या शासनाने मादी मारणाऱ्यास दंड केला, तेच शासन आता मादी मारण्यास सांगत होते. तीस वर्षे प्रामाणिकपणे नियम पाळलेल्या माणसाला हा शास्त्रीय शोध न वाटता आपल्या निष्ठेचा उपहास वाटला.

तिसरे कारण आर्थिक होते. उत्तरेकडील खाणावळी, विश्रामगृहे व दुकाने यांचा व्यवसाय हरणांसाठी येणाऱ्या लोकांवर अवलंबून होता. त्यांना भरपूर हरणे हवी होती. शेतकऱ्यास पिकांचे नुकसान नको होते, तर वनाधिकाऱ्यास सेडार व हेमलॉकची रोपे वाढावयास हवी होती. 'योग्य' कळप किती मोठा, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच केवळ जीवशास्त्रात सापडणारे नव्हते.

संघर्षातून व्यवस्थेकडे

लिओपोल्ड यांचे १९४८ मध्ये निधन झाले. त्यानंतरच्या वर्षी आयोगाने बिनशिंगी हरणांचा हंगाम ठेवला व सुमारे १,५९,००० हरणे मारली गेली. १९५० मध्ये कोणत्याही हरणाच्या शिकारीस मुभा मिळाली आणि संख्या सुमारे १,६८,००० झाली. परंतु विरोध मावळला नाही व १९५१ नंतर शासन पुन्हा नरांच्या हंगामाकडे वळले.

खरा मार्ग लहान पावलांनी सापडला. १९५७ मध्ये चार शिकाऱ्यांच्या गटास मिळून एक अधिकचे, कोणत्याही लिंगाचे हरीण मारण्याचा परवाना मिळाला. मादी मारणे ही आता सक्ती नसून गटाने वाटून घ्यावयाची सवलत झाली. १९६१ मध्ये बदलत्या कोट्याचा कायदा झाला आणि १९६३ पासून राज्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी बिनशिंगी हरणांचा स्वतंत्र कोटा ठरू लागला. स्थानिक अनुभव आणि राज्याचे गणित यांतील अंतर त्यामुळे काहीसे कमी झाले. १९८३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ओजिब्वे लोकांचे १८३७ व १८४२ च्या करारांतील शिकारीचे हक्क मान्य केले. त्यामुळे या कोट्यात कोणाचा किती वाटा, हा प्रश्नही पुढे आला.

जुन्या वादाची पुनरावृत्ती

१९९० च्या दशकात कळप पुन्हा वाढला. १९९६ मध्ये काही विभागांत 'आधी मादी, मग नर' असा नियम आला. शिंगांचा नर मारण्याचा हक्क मिळविण्यासाठी प्रथम एक बिनशिंगी हरीण मारणे आवश्यक झाले. २००० मध्ये बंदूक व धनुष्य मिळून सहा लाखांहून अधिक हरणांची विक्रमी शिकार झाली. २००२ च्या फेब्रुवारीत राज्याच्या दक्षिण भागातील हरणांमध्ये प्रायॉनमुळे होणारा, मेंदू क्षीण करणारा 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' आढळला. बाधित क्षेत्रातील हरणे जवळजवळ संपवावीत असे शासनाचे प्रारंभीचे धोरण होते.

यावर शिकाऱ्यांनी घेतलेले आक्षेप १९४३ ची आठवण करून देतात. जे खावयाचे नाही ते मारावयाचे कशासाठी, मोजणीचे आकडे खरे कशावरून, आणि अनेक वर्षे जपलेला कळप शिकाऱ्यांनीच का संपवावा, असे प्रश्न विचारले गेले. अनेक जमीनमालकांनी सहकार्य नाकारले. निर्मूलनाचे ध्येय पुढे सोडून द्यावे लागले. 'आधी मादी' हा नियम २०११ मध्ये कायद्याने रद्द झाला. २०१४ मध्ये जिल्हावार हरीण सल्लागार समित्या स्थापन झाल्या व त्यांत शिकाऱ्यांबरोबर शेती, वनव्यवसाय व पर्यटन यांचे प्रतिनिधी बसू लागले. रोग मात्र पसरतच राहिला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, १९४३ मध्ये कळपाविषयी लिओपोल्ड यांचे निदान मूलतः बरोबर होते, पण शिकाऱ्यांचा विरोधही निव्वळ अज्ञानातून आलेला नव्हता. तो १९१५ च्या नियमाच्या यशाचे फळ होता. टंचाईच्या काळात केलेला नियम लोकांच्या अंगवळणी पडून नीती बनतो आणि विपुलतेचा काळ आला की तीच नीती अडसर ठरते. कायदा एका हंगामात बदलता येतो, त्याने घडविलेली सद्सद्विवेकबुद्धी तेवढ्या वेळात बदलत नाही. गटाचा परवाना व विभागवार कोटा यांना मान्यता मिळाली, कारण त्यांनी शिकाऱ्यास निर्णयात थोडे स्थान दिले. १९४३ व २००२ मधील आदेशांनी ते दिले नाही. अर्थात सहभागाने प्रत्येक प्रश्न सुटतो असेही नाही. समित्या शिकाऱ्यांचा विश्वास मिळवू शकतात, रोगाचा वेग ठरवू शकत नाहीत. अरण्याची गरज आणि शिकाऱ्याची संमती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे हेच विस्कॉन्सिनच्या हरीण-व्यवस्थापनापुढील जुने आणि अद्याप न सुटलेले आव्हान होय.