एकाआड एक

इसवी सन 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातील धान्याच्या वखारींतून उंदीर पडू लागले, आणि त्या महिन्याच्या 23 तारखेस, मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी एका रोग्यास तपासून ‘हा गाठीचा प्लेग आहे’ असे निर्भीडपणे सांगितले, येथवरची हकीकत मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. पुढे रँडसाहेबाच्या अमलाखाली गोऱ्या सोल्जरांनी पुण्यात घरोघर शिरून मांडलेला उच्छाद आणि 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत सुटलेल्या गोळ्या, हा तर आपल्या राजकीय इतिहासाचा एक अध्यायच होऊन बसला आहे. परंतु त्याच दोन वर्षांत, त्याच मुंबई इलाख्यात व त्याच्या आसपास, तुरुंगांच्या भिंतींआड आणि आडगावांच्या ओसऱ्यांवर आणखी एक इतिहास घडत होता, ज्याची दखल आपण फारशी घेतलेली नाही. ज्या रोगावर जगात कोठेही औषध नाही त्यावर औषध सापडल्याचे कोणी एक जण म्हणू लागतो, तेव्हा ते खरे की खोटे हे ठरवावे कसे, आणि ते ठरेपर्यंत ते कोणाला द्यावे व कोणाला नाकारावे, या अतिशय कठीण प्रश्नाचा तो इतिहास आहे.

हे औषध शोधणारा वाल्डेमार हाफकिन हा ओडेसा येथे 1860 मध्ये जन्मलेला ज्यू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असताना त्याने पटकीवरील लस तयार केली, 1892 मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि 1893 पासून तो हिंदुस्थानात पटकीची टोचणी करीत हिंडत होता. सरकारच्या सांगण्यावरून ऑक्टोबर 1896 मध्ये तो मुंबईस आला, तेव्हा त्याला जागा मिळाली ती ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा. माणसे मिळाली ती एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्या मनुष्याने तीन महिन्यांत जे उभे केले ते पाहू गेल्यास आजही मन थक्क होते.

त्या खोलीत काचेचे चंबू मांडलेले असत. त्यांत बकऱ्याच्या मांसाचा रस भरलेला असे. गाईचे वा डुकराचे मांस वापरल्यास या देशातील कोणत्या ना कोणत्या समाजाला ती लस वर्ज्य होईल, हे ओळखण्याइतका विवेक या परक्या माणसाजवळ होता. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडीत आणि चंबू जराही न हलवता ठेवून देत, की त्या थेंबांच्या खालून प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांसारखे तंतूतंतूंनी खाली लोंबू लागत. काही दिवसांनी चंबू हलवला, की त्या पारंब्या तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नव्या फुटत. याप्रमाणे कित्येक आठवडे पीक काढल्यावर तो रस 65 ते 70 अंश सेंटिग्रेडपर्यंत तासभर तापवून जंतू मारीत, आणि नंतर त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालीत. आपल्या घरातील देवापुढच्या निरांजनात जे तूप घालावे, तेच येथे मृत्यूचे बीज वाढवून त्याचाच उतारा करण्याच्या कामी आले, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

सशांवर प्रयोग झाले, आणि 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिनने त्या लसीचे 10 घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे इतरांस जेवढी टोचीत त्याच्या तिपटीहून अधिक, स्वतःच्या अंगात टोचून घेतले. ताप चढला, टोचल्या जागी वेदना झाल्या, आणि तो बरा झाला. यावरून एवढेच सिद्ध झाले की, या लसीने मनुष्य मरत नाही. तिने मनुष्य वाचतो हे सिद्ध व्हावयाचे होते, आणि त्याला एका माणसाचे धैर्य, मग ते कितीही मोठे असो, पुरे पडणारे नव्हते. त्याला माणसांचे दोन गट हवे होते, एक टोचलेला आणि एक न टोचलेला. दोघांचे अन्न एक, पाणी एक, छप्पर एक, आणि दोघांवर सारखेच आलेले मरणाचे सावट. असे गट शहरात कोठून मिळणार? ज्यांना पळता येत होते ते लाखांनी शहर सोडून चालले होते. ज्यांना पळता येत नव्हते, अशी माणसे एकाच जागी होती.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. 30 तारखेस तेथील बंद्यांपैकी जे राजी झाले त्या सुमारे दीडशे जणांस लस टोचण्यात आली, आणि त्यांहून थोडे अधिक तसेच राहिले. पुढील काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला व त्यांतील 6 दगावले. टोचलेल्यांपैकी 2 जणांना झाला आणि मृत्यू एकही नाही. टोचणीच्या दिवशीच जे आजारी पडले त्यांची गणना हाफकिनने या हिशेबात धरली नाही, कारण त्यांच्या अंगात रोग आधीच भिनलेला होता असे त्याचे म्हणणे; आणि ते मान्य केले तरी, आपल्याच औषधाचा हिशेब आपणच मांडणाऱ्याने कोणते आकडे वगळावे याची शहानिशा दुसऱ्या कोणी तरी करणे इष्ट असते, हेही येथेच म्हटले पाहिजे. दुसरा दोष याहून मोठा होता. जे आपण होऊन पुढे आले आणि जे मागे राहिले, ते मुळात सारखेच होते कशावरून?

हा दोष काढून टाकण्याची तजवीज पुढच्या वर्षी, 1898 च्या जानेवारीत, उमरखाडीच्या तुरुंगात झाली. तेथे कोणी पुढे यावे व कोणी मागे राहावे हे बंद्यांच्या मर्जीवर किंवा डॉक्टरांच्या निवडीवर न सोपवता, एकाआड एक मनुष्याला टोचण्यात आले. एकाला सुई, त्याच्या शेजाऱ्याला नाही, पुन्हा पुढच्याला सुई. न टोचलेल्या 127 जणांत 10 आजारी व 6 मृत्यू. टोचलेल्या 147 जणांत 3 आजारी, मृत्यू नाही. औषधाची पारख करण्याची जी पद्धती आज साऱ्या जगाने स्वीकारली आहे, जीत कोणाला औषध मिळावे याची निवड मनुष्याच्या हातून काढून घेतली जाते, तिची एक जुनी आणि प्रामाणिक पायरी डोंगरीलगतच्या त्या तुरुंगात बांधली गेली, याचा मुंबईकरास अभिमान वाटावयास हरकत नाही. मात्र ती पायरी ज्यांच्या पाठीवर बांधली गेली त्यांचे पाय साखळदंडांत होते, याचे विस्मरण होता कामा नये. तुरुंगाधिकाऱ्यासमक्ष विचारल्यावर बंद्याने दिलेला होकार किती स्वेच्छेचा असतो, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. आपण विचारला पाहिजे.

तुरुंगाबाहेर तर होकाराचा प्रश्न निराळ्याच रूपाने उभा होता. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हाती अमर्याद अधिकार आले. परंतु त्याआधीच, 29 ऑक्टोबर 1896 रोजी, गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली होती. इस्पितळात माणसाला टांगून त्याच्या अंगातली मोमिआई, म्हणजे औषधी अर्क, काढतात, सुई टोचली की पुरुषत्व जाते, अशा वार्ता चाळीचाळींतून पसरत. या वार्तांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु ज्या सरकारचा शिपाई आजारी माणसाला घरातून ओढून नेतो, त्याच सरकारचा डॉक्टर हातात सुई घेऊन आला तर त्यावर विश्वास कोणी व कसा ठेवावा? पुढे टोचून घेतल्याचा दाखला दाखवणाऱ्यास, रोग्याच्या घरच्यांना अलग ठेवण्यासाठी असलेल्या सेग्रिगेशनच्या झोपड्यांतून सूट मिळू लागली, तेव्हा टोचणीला गर्दी वाढली; पण तो होकार लसीला होता की झोपडीच्या धास्तीला, हे सांगणे अवघड आहे. याउलट खोजा समाजात आगाखानांनी सर्वांदेखत स्वतःस टोचून घेतले आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली, तेव्हा त्यांचे हजारो अनुयायी आपण होऊन पुढे आले. फर्मानाने जे साधले नाही ते उघड्या दंडाने साधले.

पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे 1897 मध्ये साथ भडकली, तेव्हा धाकट्या दमणच्या 8230 वस्तीपैकी 2197 लोकांनी टोचून घेतले. त्यांतले 36 मेले, आणि न टोचलेल्या 6033 पैकी 1482. म्हणजे शंभरांत दोनही नाहीत, आणि शंभरांत जवळजवळ पंचवीस. लोणावळ्यास व खडकीच्या छावणीतही अनुभव असाच आला.

ही लस निरोग्यांसाठी होती. ज्यांच्या काखेत गाठ उठून चुकली होती त्यांना तिचा उपयोग नव्हता, आणि त्यांच्या नातेवाइकांची आशा निराळ्याच कुपीकडे लागली होती. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला शोधून काढणारा येर्सां हा 1897 च्या वसंतात घोड्यांच्या रक्तापासून केलेले सीरम घेऊन मुंबईस आला. मागोमाग फ्लॉरेन्सचे प्राध्यापक लुस्टिग आपले सीरम घेऊन आले. येर्सांच्या सीरमने निराशा केली. लुस्टिगचे सीरम आर्थर रोडच्या इस्पितळात डॉक्टर नसरवानजी होरमसजी चोक्सी रोग्यांना देत, आणि ज्यांना दिले त्यांत बरे होणारे अधिक, असे त्यांना दिसे. सर टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली 1898 मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशनला हा पुरावा पुरेसा वाटला नाही, कारण सीरम कोणाला द्यावे ही निवड डॉक्टरच्याच हाती असल्यावर आसन्नमरण रोगी दुसऱ्या बाजूला पडणार आणि हिशेब आपोआप औषधाच्या पारड्यात झुकणार. चोक्सींचा मोठेपणा हा की, या टीकेने दुखावून न जाता त्यांनी पुढे येणाऱ्या रोग्यांस एकाआड एक सीरम देऊन परीक्षा घेतली. आशेने पछाडलेल्या इस्पितळात, प्रत्येक खाटेपाशी नातलग हात जोडून उभे असता, दुसऱ्या रोग्याला ‘तुला नाही’ असे म्हणण्यास केवढे मनोबल लागले असेल! त्या कसोटीत सीरमची पूर्वीची झळाळी टिकली नाही.

या ठिकाणी आपल्या अनुभवातील एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. 2020 मध्ये करोनातून बऱ्या झालेल्यांचे प्लाझ्मा रोग्यांना देण्याची परीक्षा आपल्याच देशात 39 इस्पितळांतील 464 रोग्यांवर झाली आणि त्याने मृत्यू टळत नाहीत असे दिसून आले. तरीही 2021 च्या एप्रिलात मुले आपल्या वडिलांसाठी प्लाझ्मा शोधीत रात्ररात्र भटकत होती, आणि मे महिन्यात ते उपचारांच्या यादीतून काढून टाकले जाईपर्यंत ही वणवण थांबली नाही. चोक्सींच्या इस्पितळात जे शिकले गेले होते, ते शंभरांहून अधिक वर्षांनी पुन्हा शिकावे लागले, आणि शिकूनही आचरणात यावयास उशीर झाला.

हाफकिनच्या वाट्याला पुढे मोठा वनवास आला. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली, आणि एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मेले. लस करण्याची नवी रीत त्याने अवलंबिली होती व तीत कार्बोलिक गाळले होते, एवढ्यावरून दोष त्याच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्याला कामावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना गावातच ती दूषित झाली असावी, या पुराव्याकडे पाहण्यास सरकारला फुरसत नव्हती. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी लंडनच्या वर्तमानपत्रांतून आवाज उठवला आणि 1907 मध्ये तो निर्दोष ठरला, परंतु तोवर त्याच्या उमेदीची पाच वर्षे वाया गेली होती. तो 1930 मध्ये लोझान येथे वारला.

उंधेऱ्याची हकीकत मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. बडोद्याजवळचे, गायकवाडांच्या राज्यातले हे लहानसे खेडे. 1898 च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग आधीच शिरलेला होता. 1029 वस्तीपैकी 79 माणसे मेली होती. उरलेल्या 950 जणांची घरोघर मोजदाद झाली, आणि प्रत्येक कुटुंबाचे वय, लिंग व प्रकृती पाहून शक्य तितके समान दोन भाग करण्यात आले. एका भागाला लस टोचली, दुसऱ्याला नाही. टोचलेले 513, न टोचलेले 437. बंद्यांच्या बाबतीत शेजारी शेजारी परके होते. येथे एकाच चुलीवर शिजलेली भाकरी खाणाऱ्या दोन भावांत, मायलेकींत, नवराबायकोंत ती रेघ ओढली गेली. एप्रिलच्या आरंभी हाफकिन आणि त्याचे सहकारी मेजर बॅनरमन पुन्हा त्या गावी गेले आणि दारोदार चौकशी केली. मधल्या काळात 28 घरांत प्लेग शिरला होता. त्या घरांतील 71 टोचलेल्यांपैकी 8 आजारी पडले व 3 मेले. 64 न टोचलेल्यांपैकी 27 आजारी पडले आणि 26 मेले.

हा अन्याय होता काय? लस गुणकारी आहे याची जो निश्चिती बाळगतो त्याने ती घरातल्या अर्ध्या माणसांपासून दूर ठेवावी, हे पाप; आणि हाफकिनला भायखळा, उमरखाडी आणि दमण पाहिल्यावर निश्चिती नव्हती असे म्हणणे मला जड जाते. तथापि जगाला ती नव्हती, आणि उंधेऱ्याच्या त्या आकड्यांनी ज्यांचा संशय फिटला अशा हजारो घरांत पुढे माणसे वाचली, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतील एक दुसरीने पुसून टाकता येत नाही. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात 1899 पासून चालत आलेल्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये हाफकिनचे नाव देण्यात आले, ते सर्वथा योग्यच झाले; त्या नावाचा उच्चार करताना वाचकांनी उमरखाडीच्या बंद्यांची आणि उंधेऱ्याच्या त्या 64 जणांचीही आठवण ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे.