आठवा ठिपका आणू कुठून?

मी भाषेचा माणूस. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा तास कधी कधी माझ्या गळ्यात पडतो. एकदा असाच दहावीचा तास मिळाला. विषय होता सहसंयुज बंध. मुलांनी पाणी, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड यांच्या इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना काढल्या. तपासायची रीत मला सोपी वाटली : हायड्रोजनभोवती दोन ठिपके, बाकीच्यांभोवती आठ. हुरूप आला आणि मी स्वतःच्या मनाने नायट्रिक ऑक्साइड काढायला सांगितला.

एका मुलीने नायट्रोजनभोवती सातच ठिपके ठेवले. मी लाल पेनाने फुली मारली. ती म्हणाली, "सर, एकूण अकराच आहेत. आठवा आणू कुठून?" "नीट मोज," म्हणून मी वही परत केली.

रात्री मीच मोजू लागलो. नायट्रोजनचे संयुजा इलेक्ट्रॉन पाच, ऑक्सिजनचे सहा. अकरा. अकराच्या जोड्या लागतच नाहीत. मग ही रीत ज्याची, त्याचा शोध घेतला.

गिल्बर्ट न्यूटन लुईस हा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ. 1902 साली हार्वर्डमध्ये नवख्या विद्यार्थ्यांना शिकवताना त्याने अणू घनाच्या आकाराचा कल्पिला. घनाला आठ कोपरे, प्रत्येक कोपऱ्यावर एक इलेक्ट्रॉन. 1916 साली, बर्कलेत असताना, त्याने आपला प्रसिद्ध लेख छापला : दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात, तोच बंध. दोन घनांची एक कड जुळली की एकेरी बंध, एक बाजू जुळली की दुहेरी. पण तिहेरी बंध घनांनी दाखवताच येईना. तेव्हा त्याने त्याच लेखात घन बाजूला ठेवला आणि जोडी राखली. चौदा वर्षे जपलेली कल्पना त्याने स्वतःच तपासली आणि मोडीत काढली.

विषम इलेक्ट्रॉन असलेले मोजके रेणूही त्याला ठाऊक होते. नायट्रिक ऑक्साइड त्यातलाच. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीची अडचण लुईसच्याही समोर होती. फरक इतकाच, की त्याने फुली मारली नाही.

तपासण्याचा खरा क्रम आता मला कळला. आधी एकूण संयुजा इलेक्ट्रॉन मोजायचे. काढलेले ठिपके तेवढेच हवेत, एकही कमी-जास्त नको. अष्टक त्यानंतर. कार्बन मोनॉक्साइडमध्ये चार अधिक सहा, असे दहा इलेक्ट्रॉन. तिहेरी बंधाचे सहा, आणि दोन्ही अणूंवर एकेक मोकळी जोडी. हिशोब जुळतो, अष्टकही पूर्ण होते. नायट्रिक ऑक्साइडमध्ये मात्र दुहेरी बंधाचे चार, ऑक्सिजनवर चार, नायट्रोजनवर तीन. मुलीने अगदी हेच काढले होते.

आणि सगळे नियम पाळूनही चित्र अपुरे असू शकते. ऑक्सिजनचा रेणू दुहेरी बंधाने काढला तर बारा इलेक्ट्रॉन जुळतात, अष्टके भरतात, सगळे जोडीने बसतात. पण द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, हे जेम्स डीवार यांनी 1891 मध्येच दाखवले होते. ओढला जातो, कारण त्यात दोन इलेक्ट्रॉन एकेकटे असतात. कागदावरच्या ठिपक्यांत ते दिसत नाहीत. शेवटचा निकाल प्रयोगाचा.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर सांगितले, की चूक माझी होती. वही मागवून फुली खोडली. मुलीने फक्त मान हलवली. बाकीची मुले मात्र खूश झाली.

तो विषम रेणू पुढे फार मोठा ठरला. आपल्या रक्तवाहिन्या सैल होण्याचा निरोप तोच देतो, हे शोधणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना 1998 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी शरीरात हाच रेणू तयार करते. माझ्या अब्बांच्या सदऱ्याच्या खिशात ती गोळी कित्येक वर्षे असायची. मी फुली मारली होती ती त्याच रेणूवर.